सात खोटे ‘नाही’ आणि एक खरा

वॉशरचा डावा हात बघितला की गिऱ्हाइकाच्या तोंडून प्रश्न सुटतोच. मनगटापासून जवळपास कोपरापर्यंत कातडी वेगळी, चौकोनी आणि चकचकीत, वहीतलं एक पान नीट फाडून घ्यावं तशी. प्लंबर सिंकखाली उताणा पडला की त्याचं तोंड कुणाला दिसत नाही, हात मात्र सगळ्यांना दिसतात.

“अगंबाई, भाजलं की काय रे?” पहिल्या मजल्यावरच्या काकू.

“गिझर,” वॉशर सिंकखालून.

“चावलं का काही?” वॉचमन.

“मगर. टाकी साफ करायला उतरलो होतो.”

“ॲक्सिडेंट?” चौथ्या मजल्यावरचे रिटायर्ड साहेब, चष्मा नाकावर ओढून.

“नाही साहेब. पार्ट काढून दुसरीकडे बसवलाय.”

यावर साहेब खो खो हसले, पोट धरून. खरं उत्तर तेच होतं. खऱ्या उत्तरावर लोक सगळ्यात जास्त हसतात, हे वॉशरला एव्हाना पाठ झालंय.

‘वॉशर’ हे नाव वस्तादांनी ठेवलेलं. अंगाने लहानखुरा, दोन मोठ्या माणसांच्या मधे कुठेही मावणारा. “दिहत नाय, पण काढून बघा, मग कळंल!” वस्ताद असंच बोलायचे, कारण त्यांच्या दातांत कायम एखादा स्क्रू धरलेला असायचा. वॉशरचं सगळं शिक्षण त्या स्क्रूच्या फटीतून झालं. त्यातला पहिला आणि शेवटचा धडा एकच: “काम झालं म्हणाय्चं नाय. काहद ठेव, काहद.”

काहद म्हणजे कागद. जोड आवळला, पाणी सोडलं, हाताला कोरडं लागलं, तरी ‘झालं’ म्हणायचं नाही. जोडाच्या खाली वर्तमानपत्राचं कोरडं पान ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं. पानावर गोल डाग दिसला तर गळतंय, डाग नसेल तर झालं. हात फसतो, डोळा फसतो, मिस्त्री तर काय, सरळ थाप मारतो. कागदाला थाप मारता येत नाही.

वॉशर त्यांच्याकडे कामाला आला तेव्हा कागदोपत्री मुलगी होता. दोन वर्षांनी त्याने वस्तादांना खरं काय ते सांगितलं, एका गच्चीवर, टाकीला टेकून, घाम पुसत. वस्तादांनी आयुष्यात एकदाच दातांतला स्क्रू काढून हातात घेतला. “पाना धरता येतो ना?” “येतो.” “मग धर की. बघत काय बसलास?” आणि स्क्रू परत दातांत.

घरी एवढ्यावर भागलं नाही. घरात ताई होती, शाळेत मराठी शिकवणारी, कानामागे लाल पेन खोचून हिंडणारी. आईवडील गेल्यापासून दोघं एकत्र राहायची. ताईने एक आठवडा रडून घेतलं, दुसऱ्या आठवड्यात हॉस्पिटलची माहिती काढली आणि तिसऱ्या आठवड्यापासून “तो” म्हणायला लागली, व्याकरणाच्या बाईला शोभेल अशी एकही चूक न करता. प्रश्न मामांचा होता.

मामा म्हणजे “मी काय म्हणतो”. वाक्याच्या सुरुवातीला, मधे आणि दम लागला तर शेवटीही. त्यांना भाच्याला ‘आलास’ म्हणायचं नव्हतं, आणि ‘आलीस’ म्हटलं की भाचा उठून जायचा. मग मामांनी तिसरीच वाट काढली. “कधी येणं झालं? बसणं व्हावं. चहा घेणं होईल ना?” ताई म्हणायची, मामांकडे गेलं की दरबारात आल्यासारखं वाटतं, फक्त मुजरा करायचा राहतो. वॉशरही मग त्याच सुरात, “चहा घेणं होईल, पण साखर कमी टाकणं व्हावं.”

ऑपरेशनचं ठरलं तेव्हा मात्र मामांनी दरबार गुंडाळून ताईला बाजूला घेतलं. दार उघडंच होतं. “मी काय म्हणतो, छातीचं झालं, दाढी आली, इथवर ठीक. पण हे खालचं? मी काय म्हणतो, सहा महिन्यांत रडत परत येणार, लिहून ठेव. चुकलं म्हणणार, मी काय म्हणतो.”

वॉशरने ते लिहून ठेवलं नाही, कोरून ठेवलं.

ऑपरेशन म्हणजे काय ते मोठ्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. या बाई बुटक्या, आवाज शाळेच्या घंटेसारखा. हाताची कातडी, नस आणि रक्तवाहिनीसकट उचलायची, त्याचं लिंग घडवायचं, मूत्रमार्ग लांबवून टोकापर्यंत न्यायचा. हात डावा निवडला, कारण उजव्यात पाना असतो. आधी कित्येक महिने सुईने त्या हातावरचा एकेक केस मुळापासून जाळला, कारण तीच कातडी वळून आतली नळी होणार. नळीत केस उगवले तर चोकअप, हे वॉशरला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

“दोन गोष्टी बऱ्याच जणांना होतात,” मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. “जोडातून गळती, आणि जोडाशी नळी आकसणं. कधी एका दुरुस्तीत भागतं, कधी दोन-तीन लागतात. संवेदना किती येईल ते आत्ता सांगता येत नाही. तयारी आहे?”

“डॉक्टर, मी प्लंबर आहे.”

“म्हणजे?”

“गळतीची भीती असती तर शिंपी झालो असतो.”

घंटा खणखणीत वाजली. बाई हसल्या होत्या.

पहिल्यांदा उभा राहून लघवी केली त्या दिवशी वॉशर बाथरूममध्येच दहा मिनिटं उभा राहिला, काम संपल्यावरसुद्धा. बाहेरून ताईने विचारलं, “काय झालं?” आतून उत्तर आलं, “धार!” ताईने आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दाच्या वाक्याला पूर्ण मार्क दिले.

दोन महिन्यांनी मुळाशी, शिवणीपाशी, ओल लागायला लागली.

तपासणीला गेलं की आधी एक फॉर्म भरायचा असतो. आठ प्रश्न. धार बारीक झाली आहे का? जोर करावा लागतो का? मधेच थांबते का? सारखं जावं लागतं का? जळजळ होते का? दुसरीकडून गळतं का? कामावर परिणाम होतो का? आणि आठवा: ऑपरेशनचा निर्णय चुकला असं वाटतं का?

वॉशरने पेन उचललं आणि त्याला कागदावर प्रश्न दिसेनातच. प्रत्येक ओळीमागे मामा उभे. धार बारीक झाली आहे का, मी काय म्हणतो? त्याने सरळ खालपर्यंत ‘नाही’च्या चौकटीत खुणा केल्या, आठच्या आठ.

आत छोटे डॉक्टर होते, नुकतेच शिकून आलेले, पेशंटला धीर वाटावा म्हणून सगळीकडे ‘आपण’ लावणारे. “आपण आता पँट काढू या.”

“दोघांनी?”

“नाही नाही, म्हणजे, आपण… तुम्ही. बरं. आपल्याला इथे दुखतं का?”

“तुमचं सांगता येत नाही. मला नाही.”

पण शिवणीखाली ठेवलेल्या गॉजच्या पट्टीवर ओल होती आणि गॉजही कागदाचाच चुलतभाऊ. छोटे डॉक्टर म्हणाले, बारीकसं छिद्र पडलंय, बुजवावं लागेल. “त्याआधी आपण रंग सोडून एक एक्स-रे करू, पुढे कुठे आकसलंय का बघायला. आपली धार कशी आहे?”

धार सुतळीएवढी झाली होती. भिंतीवर हात टेकून, डोळे मिटून, दात आवळून जोर करावा तेव्हा निघायची.

“फर्स्ट क्लास,” वॉशर म्हणाला. “फॉर्मवर लिहिलंय की. एक्स-रे कशाला? कामं खोळंबलीत.”

फॉर्मवर तसं होतंच. छिद्र बुजवलं. दीड महिन्यात टाका उसवला आणि पुन्हा तीच ओल. पुढच्या तपासणीला वॉशर गेलाच नाही. फोनवरून फॉर्म भरून पाठवला. आठ ‘नाही’.

हे लपवायला त्याच्या धंद्याइतकी सोयीची जागा जगात दुसरी नसेल. प्लंबरची पँट ओली असली तर लोक म्हणतात, वा, मन लावून काम करतो. वॉशर रोज मन लावून काम करायला लागला. बॅगेत तीन पँटी. कपडे स्वतः धुवायला लागला तेव्हा ताईने चष्म्यावरून बघितलं. “सूर्य आज कुठे उगवला?” तो म्हणाला, “माणसाने स्वावलंबी असावं.” ताईने मनातल्या मनात त्या वाक्याखाली लाल रेघ मारली असणार.

असे सात महिने गेले. मग मामांचा फोन आला, ताईच्या फोनवर, कारण थेट बोलायचं तर क्रियापद लागतं. दिवाणखान्याचं छत गळतंय. वरच्या बाथरूमचा पाइप आहे. तीनदा मिस्त्री आला, तीनदा व्हाइट सिमेंट थापून गेला. “मी काय म्हणतो, येणं होईल का?”

रविवारी सकाळी दोघं गेली. “या, येणं झालं का!” मामांनी हात छताकडे केला. छतावर ताटाएवढा पिवळा डाग. वॉशर वर गेला. जोडावर व्हाइट सिमेंटचे तीन थर, वाढदिवसाच्या केकसारखे. त्याने नळ सोडला आणि पाण्याकडे बघत बसला. पाणी खाली जात होतं, पण पाहुण्यासारखं, निघतो निघतो म्हणत.

“मामा,” त्याने जिन्यावरून हाक मारली, “वर या. जोड चांगला आहे.”

“चांगला? मी काय म्हणतो, गळतोय ना!”

“गळतोय, कारण पुढे चोक आहे. पाण्याला पुढे वाट नाही, मग ते मागे चढतं आणि जिथे कच्चा जोड मिळेल तिथून बाहेर येतं. पुढची वाट मोकळी केल्याशिवाय नुसतं भोक बुजवून काय उपयोग? शंभर वेळा बुजवा, शंभर वेळा…”

आणि तो थांबला. हातात पाना, तोंड उघडं.

मामा म्हणाले, “शंभर वेळा काय?”

शंभर वेळा फुटणार. दहा वर्षं हेच वाक्य तो गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता. मागच्या सात महिन्यांत रोज सकाळी भिंतीला हात टेकून उभा राहताना ते एकदाही स्वतःला ऐकवलं नव्हतं. पुढे आकसलं होतं, म्हणून मागे फुटत होतं. छोट्या डॉक्टरांनी विचारलं होतं, आणि यानेच फर्स्ट क्लास सांगून त्यांच्या हातात व्हाइट सिमेंट दिलं होतं.

त्याने मुकाट्याने पुढचा वळणाचा तुकडा खोलला. आतून केसांचा बोळा निघाला, साबणाने घट्ट झालेला, आणि त्याच्या पोटात एक इवलासा ब्रश. ब्रशला काळा रंग. वॉशरने मामांच्या मिशीकडे बघितलं. मिशी काळीकुळकुळीत. वीस वर्षं तशीच.

“ते मामीचं असेल,” मामा घाईने म्हणाले.

“मामीचे केस पांढरेशुभ्र आहेत.”

“मी काय म्हणतो,” मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच पुढे काही म्हणाले नाहीत.

पाणी सुटलं, गर्रकन फिरून निघून गेलं. वॉशर उठला, तोच त्याला जाणवलं. वाकून, जोर लावून, पँट पुढून ओली झाली होती. मामांनीही बघितलं, आणि विषय बदलायची संधी साधली. “अरेरे, पाणी उडालं वाटतं. माझी एखादी पँट घेणं होईल का?”

हे वाक्य म्हणजे आयतं दार होतं. ‘हो, उडालं’ म्हटलं की बाहेर. सात महिने तो याच दाराने बाहेर पडत आला होता. त्याने एकदा ब्रशकडे बघितलं, एकदा ताईकडे. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी होती.

“पाणी नाही उडालं,” वॉशर म्हणाला. “मी गळतोय.”

बाथरूममध्ये नळाचा एक थेंब पडला, टप्प.

“म्हणजे?” मामा.

“म्हणजे ऑपरेशनचा जोड. सात महिने झाले. एकदा शिवला, पुन्हा उसवला.”

मामांचा चेहरा उजळला. वाईट माणूस नाही, पण भविष्य खरं ठरलं की कुणाचाही उजळतो. “मी काय म्हणत होतो! सहा महिन्यांत म्हटलं होतं ना? चुकलं, हेच मी काय म्हणतो! तेव्हाच ऐकणं झालं असतं तर…”

“मामा, छत किती दिवस गळत होतं?”

“वर्ष झालं. त्याचं काय?”

“वर्षभरात एकदा तरी म्हणालात, घर बांधलं तेच चुकलं? दुसरा मजला चढवला तेच चुकलं? पाडून टाका, झोपडीत राहू?”

“भलतंच! घर ते घर. गळलं तर दुरुस्त करायचं.”

“मग मला काय वेगळा नियम? तुमचं गळलं तर दुरुस्ती, माझं गळलं तर पश्चात्ताप? माझा जोड गळतोय मामा, माझा निर्णय नाही गळत. तो टाकीसारखा पक्का आहे. पुन्हा पहिल्यापासून करायचं झालं, तरी हेच करीन, आणि गळणार हे आधी कळलं तरी करीन. रडत येणार होतो ना? बघा. ओला आहे, पण रडत नाहीये.”

मामा खवळले. लाल झाले. खवळलेल्या माणसाला दरबार आठवत नाही.

“अरे गाढवा, मग सात महिने झोपला होतास काय? डॉक्टरकडे का नाही गेलास? दुसऱ्यांचे पाइप बघत फिरतोस आणि स्वतःचा, मूर्खा, स्वतःचा…”

मामा धापा टाकत उभे. पायरीवरून ताई हळूच म्हणाली, “मामा, ‘झोपला होतास’. पुल्लिंग.”

“हो मग!” मामा ओरडले. “गाढवच आहे तो!”

वॉशरला आजवर इतकी गोड शिवी कुणी दिली नव्हती. निघताना त्याने जोडाखाली कोरडा कागद ठेवला आणि ब्रश मामांच्या खिशात सरकवला. मामीला यातलं काही कळलं नाही. दुरुस्तीत तेवढी गुप्तता पाळायची असते.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. फॉर्म तोच. मामा आजही ओळींमागे उभे होते, पण आज खिशात ब्रश घेऊन. वॉशरने सात प्रश्नांना ‘हो’ लिहिलं. धार बारीक, जोर लागतो, मधेच थांबते, सारखं जावं लागतं, जळजळ, गळती, कामावर परिणाम. आठव्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिलं, आणि पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उठलं.

मोठ्या डॉक्टरांनी जुना फॉर्म आणि नवा फॉर्म शेजारी ठेवले.

“सात महिन्यांपूर्वी आठ नाही. आज सात हो, एक नाही. यातलं खरं काय?”

“तेव्हाचे सात खोटे होते. आठवा तेव्हाही खरा होता, आजही खरा आहे.”

“मग सात खोटे का लिहिलेत?”

“कारण एक जरी ‘हो’ दिला, तर लोक आठव्याचं उत्तर आपलं आपण भरून टाकतात.”

बाईंनी नव्या फॉर्मवरच्या आठव्या ‘नाही’वर बोट ठेवलं. “इथे भरत नाहीत,” त्या म्हणाल्या. “आणि ऐका, सात खोट्यांच्या रांगेत उभा राहिलेला खरा ‘नाही’सुद्धा खोटाच दिसत होता. आज तो खरा दिसतोय.”

“मग हेही ऐका. आधी पुढचा चोक बघा. नंतर भोक.”

“मला शिकवताय?”

“दहा वर्षांचा अनुभव आहे.”

घंटा वाजली. कोपऱ्यातून छोटे डॉक्टर म्हणाले, “म्हणजे आपण एक्स-रे…”

“आपण नाही. मी,” वॉशर म्हणाला. “पण तुम्हीही चला.”

रंगाच्या एक्स-रेमध्ये जोडाच्या पुढे नळी आकसलेली दिसली, अगदी सुतळीइतकी. या खेपेला आधी ती वाट मोकळी केली, गालाच्या आतल्या कातडीचं ठिगळ लावलं, आणि मग छिद्र बुजवलं. तीन आठवडे पोटातून एक नळी काढून थेट पिशवीत सोडली होती, म्हणजे जोडाला आराम. वॉशर तिला बायपास म्हणायचा आणि भेटायला आलेल्यांना पिशवी दाखवून विचारायचा, “लिंबू सरबत?” वस्ताद येऊन बसले, पिशवीचा व्हॉल्व्ह उघडबंद करून बघितला आणि स्क्रूमागून म्हणाले, “हलक्या प्हतीचा आहे. बदलाय्ला सांग.”

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं: पुन्हा आकसू शकतं. वर्षभर तपासणीला यायचं. हाताच्या पंज्यातली थोडी बधिरता जाणार नाही. लघवीनंतरचे शेवटचे दोन-चार थेंब आत अडकतात, ते मागून बोटाने दाबून काढायचे, कदाचित कायम. वॉशरने सगळं ऐकून घेतलं आणि एकदाही ‘फर्स्ट क्लास’ म्हणाला नाही.

बायपास निघाला त्यानंतरच्या सकाळी ताईने वर्तमानपत्राचं एक कोरडं पान त्याच्या हातात दिलं. “संपादकीय आहे, भिजलं तरी चालेल.” वॉशरने पान घडी करून लंगोटासारखं खाली बांधलं, भिंतीला हात न टेकता उभा राहिला आणि डोळे उघडे ठेवून धार सोडली. पेन्सिलीएवढी. सरळ. मग पान सोडून खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. मुळापाशी कोरडं. टोकापाशी एक थेंब, शेवटचा, अडकून राहिलेला.

ताईचा फोन वाजला. तिने नंबर बघून फोन सरळ वॉशरच्या हातात दिला.

“मी काय म्हणतो,” पलीकडून मामा, “छताचा डाग सुकला. तुझं काय? काल काढून घेणार होतास ना ती नळी?”

“काढली. गळती बंद. शेवटी एक थेंब राहतो.”

“राहतो? मग ते दुरुस्त करून घेणार आहेस की नाही?”

“नाही.”

“का रे?”

“पँट माझी, मामा. थेंबही माझा.”